कुलूपबंद डिस्क उघडत नाहीं तेव्हां

लोअर परळच्या ज्या आवारांत एके काळीं गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथें आज कांचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत. आणि हिशेबाच्या चोपड्यांची जागा तळहाताएवढ्या डिस्कनें घेतली आहे. दुसरी प्रत म्हणून जपलेली ही डिस्क चोराच्या हातीं पडली तरी वाचतां येऊं नये, म्हणून तिच्यावरील मजकूर सांकेतिक करून कुलूपबंद करतात. पण मूळ संगणक बिघडला, डिस्क जोडली, आणि ती उघडेना! आंत कचेरीचा जमाखर्च असतो, दिवंगत वडिलांचीं छायाचित्रें असतात. अशा वेळीं गृहस्थाचा हात घाईनें चालतो, आणि नुकसान बहुधा त्या घाईनेंच होतें.

प्रथम कुलपाची रचना ध्यानीं घ्यावी. परवलीचा शब्द ही खरी किल्ली नव्हे. खरी किल्ली म्हणजे यंत्रानेंच तयार केलेली एक प्रचंड संख्या. ती डिस्कच्या आरंभींच्या लहानशा भागांत जणूं पेटींत बंद असते, आणि शब्द त्या पेटीचें झांकण तेवढें उघडतो. म्हणूनच शब्द बदलण्यास क्षणभर पुरतो. सबंध डिस्क पुन्हां लिहावी लागत नाहीं. लिनक्सवरील ‘लक्स’ पद्धतींत हा आरंभींचा भाग पुसला गेला व त्याची प्रत नसली, तर शब्द तोंडपाठ असूनहि डिस्क कायमची मुकी होते. ‘व्हेराक्रिप्ट’ मात्र त्याची एक प्रत शेवटींहि राखून ठेवतें.

शोध बाहेरून आंत करावा. केबल बदलून पाहावी. जुन्या यूएसबी जोडणींतून 500 मिलिअँपिअर वीज मिळते. फिरत्या डिस्कला ती कधीं कधीं अपुरी पडते, व डिस्क टिकटिक करून थांबते. जोडणी बदलूनहि टिकटिक राहिली, तर प्रयोग तेथेंच थांबवून जाणत्या कारागिराकडे जावें.

डिस्क दिसते पण शब्द नाकारते, तर कळफलकाकडे पाहावें. मराठी लेखनासाठीं बदललेला कळफलक तसाच राहिला, तर बरोबर शब्दहि चुकीचा ठरतो, आणि पडद्यावरील ठिपक्यांआड ही चूक दिसत नाहीं. ‘बिटलॉकर’ची 48 आंकडी किल्ली जपून ठेवली असल्यास ती येथें उपयोगी पडते. कोणी म्हणेल, शब्दच विसरला तर? मग इलाज नाहीं. कुलूप चांगलें असल्याचीच ती खूण होय.

शब्द मान्य झाला पण फायली दिसत नाहींत, तर कुलूप निर्दोष असून आंतील मांडणी विस्कटली आहे असें समजावें. डिस्क मध्येंच उपटल्यानें असें होतें. आधीं सबंध डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसरीवर उतरवावी, आणि दुरुस्ती त्या नकलेवर, तीहि कुलूप उघडल्यानंतरच करावी. बंद डिस्कवरील सांकेतिक मजकूर दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रामला निव्वळ कचरा वाटतो. विंडोजलाहि तसेंच वाटतें. म्हणून ‘फॉरमॅट करावयाचें काय?’ असा प्रश्न तें करतें, तेव्हां उत्तर ‘नको’ हेंच द्यावें.