जुनी वास्तु : नवी करावी कीं पूर्ववत् ?

जुनी वास्तु मोडकळीस आली म्हणजे ती नीट करावी, असें आपण सहज म्हणतों. परंतु या बोलण्यांत दोन निराळीं कामें दडलेलीं असतात. आजच्या गरजेप्रमाणें वास्तूस नवें रूप देणें हें नूतनीकरण. ती पूर्वी होती तशीच पुराव्यानिशीं पुनः उभी करणें म्हणजे ती पूर्ववत् करणें. आमच्या पेण-रोहें भागांत या भेदाचीं उदाहरणें दूर शोधावयास नकोत.

शेजारच्या पालीचें श्रीबल्लाळेश्वराचें देवालय पूर्वी लांकडी होतें. अठराव्या शतकांत फडणीसांनीं तें दगडी बांधविलें. हें नूतनीकरण झालें आणि तें योग्यच झालें. देवालय नित्य वापरांतलें; भक्तांची सोय व ऊनपावसापासून रक्षण हीं तेथें आधीं पाहावीं लागतात.

रोह्याजवळच्या अवचितगडाची गोष्ट वेगळी. तेथें आतां वस्ती नाहीं. गतकालाची साक्ष देणें एवढेंच त्याचें काम उरलें आहे. अशा ठिकाणीं चुन्याच्या जुन्या बांधकामांत सिमेंट भरणें घातक होय. चुना भिंतींतील ओल बाहेर जाऊं देतो. सिमेंट ती कोंडून ठेवतें. मग कोंकणच्या पावसानें भिजलेली भिंत दगडांतूनच वाळते, आणि ओलीबरोबर आलेले क्षार दगडाचे पापुद्रे काढतात. रक्षणार्थ केलेला उपायच वास्तूच्या नाशास कारण होतो.

हा प्रश्न केवळ इमारतींचा नव्हे. अमेरिकेंत पाइनहर्स्ट येथें डोनाल्ड रॉस यानें १९०७ सालीं सिद्ध केलेलें गोल्फचें एक मैदान आहे. त्यावरील मूळची वाळू व रानगवत पुढें लावलेल्या हिरवळीखालीं लोपलीं होतीं. २०१०-११ सालीं तें पूर्ववत् करतांना १९४३ सालचीं विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें आधारास घेतलीं. पुरावा होता म्हणून तें साधलें. जेथें केवळ तर्कच उरतो तेथें हात आवरावा, असें १९६४ सालची व्हेनिसची सनदही सांगते.

गडावर श्रमदानास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधूंनीं म्हणून आधीं मोजमापें घ्यावीं, छायाचित्रें काढावीं, जाणत्यांस विचारावें आणि मगच दगड हलवावा. नव्या कामावर त्याचें सालही घालावें. अवचितगडाच्या दक्षिण बुरुजावर शके १७१८, म्हणजे इ. स. १७९६, चा लेख आहे. तो कोणी गिलाव्यानें झांकला नाहीं, म्हणूनच त्या बुरुजाचा काल आज आपणांस वाचतां येतो.