रिकाम्या बाटलीची अनामत

मुंबईत आरेच्या दूधकेंद्रावर रिकामी बाटली देऊन भरलेली घेण्याचा परिपाठ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पेयाच्या बाटलीवर अनामत रक्कम आकारण्याची पाश्चात्त्य देशांतील पद्धत मुळीच अपूर्व वाटणार नाही. अपूर्व आहे तो त्यामागील कायद्याचा खटाटोप. कारण शेवटचा घोट घेताच जी वस्तू बेवारस होते, तिला पुन्हा धनी मिळवून देणे निव्वळ उपदेशाने साधत नाही.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९७१ साली असा कायदा करून बिअर व सोड्याच्या बाटल्या-डब्यांवर ५ सेंट अनामत बसवली. पुढे चाळीसहून अधिक वर्षे महागाई वाढत गेली तरी हे ५ सेंट जागचे हलले नाहीत, आणि एवढ्याशा रकमेसाठी दुकानाची पायरी चढण्याची तोशीस घेणारे कमी होत गेले. अखेर २०१७ साली अनामत दुप्पट करावी लागली.

रकमेहूनही नाजूक प्रश्न बाटली परत कोठे द्यायची हा होय. जर्मनीने २००३ साली एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर २५ सेंट अनामत सक्तीची केली खरी; परंतु काही बड्या दुकानदारांनी आपल्या विशिष्ट आकाराच्या बाटल्याच तेवढ्या परत घेण्याची पळवाट काढल्यामुळे गिऱ्हाइकांना हेलपाटे पडू लागले, आणि २००६ साली ती बुजवली तेव्हा कोठे व्यवस्था मार्गी लागली. आज तेथे दुकानातील यंत्राच्या गोल तोंडात बाटली सरकवली की ते तिच्यावरील खूण वाचते आणि पावती देते. ती गल्ल्यावर दाखवताच पैसे हाती पडतात. कचऱ्याच्या डब्यांत हात घालून बाटल्या वेचणारी गरीब माणसेही तेथे दिसतात, आणि पुष्कळ नागरिक आपली बाटली त्यांच्यासाठी डब्याबाहेरच ठेवून जातात. इतक्या संपन्न देशाला हे दृश्य काही भूषणावह नाही.

आपल्या देशात, रानात टाकलेल्या बाटल्यांच्या काचा हत्तींसारख्या वन्य प्राण्यांच्या पायांत रुततात म्हणून, मद्रास उच्च न्यायालयाच्या हुकुमानंतर २०२२ साली निलगिरी जिल्ह्यातील सरकारी दारूदुकानांत बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन रिकामी बाटली येताच ते फेडण्याची तजवीज झाली. महाराष्ट्राच्या २०१८च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेतही पाण्याच्या बाटल्या ठरावीक दराने परत घेण्याचे कलम होते. पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराने रिकामी बाटली घेऊन गिऱ्हाइकाच्या हातावर रुपया ठेवला, असे सहसा कोणाच्या पाहण्यात आले नाही. जो विकतो त्यानेच परत घ्यावे, अशी सक्ती आणि तिची चोख अंमलबजावणी नसेल, तर अशी अनामत म्हणजे गिऱ्हाइकावर बसवलेला आणखी एक कर होय.