गावचा दिवा आणि गावची रात्र

श्रोतेहो, गावात दिवा आला म्हणजे काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. रात्रीअपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असते, शेतातून येताना वाटेवर आडवे पडलेले जनावर दिसायला हवे असते, परीक्षेच्या दिवसांत मुलांना अभ्यासाला उजेड लागतो. अंधारात ज्यांनी हे सगळे निभावले, त्यांना दिव्याची किंमत ठाऊक आहे. शहरातल्या लखलखाटात बसून अंधाराचे गोडवे गाणे सोपे असते. तेव्हा दिव्याची निंदा करण्याचा माझा मुळीच विचार नाही. दिवा कुठे लावावा, केवढा लावावा आणि किती वेळ ठेवावा, एवढ्याच प्रश्नाविषयी आज बोलायचे आहे.

पाण्याच्या बाबतीत हा हिशेब आपल्याला चांगला कळतो. पाट फुटून पाणी शेजाऱ्याच्या वावरात शिरले, तर दोघांचेही नुकसान होते. आपले पीक कोरडे राहते आणि त्याचे पाण्याखाली पिवळे पडते. म्हणून आपण बांध घालतो, दार धरतो, आणि आता तर ठिबकने मुळापाशी मोजून पाणी देतो. उजेडाला मात्र आपण असला हिशेब लावीत नाही. उजेड जास्त झाला म्हणून कुणाचे काही बिघडत असेल, हे मनातच येत नाही. पण बिघडते. कसे, ते पाहू.

खांबावर उघडा बल्ब लावला, तर त्याचा उजेड चोहोबाजूंना पसरतो. त्यातला जवळजवळ निम्मा दिव्याच्या पातळीच्या वरच, म्हणजे आभाळाकडे जातो. तिथे तो कुणाच्या उपयोगाचा? उरलेल्यापैकी काही समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. डोळ्यांची गंमत अशी, की झगझगीत दिवा समोर आला की बाहुली आकसते आणि डोळ्यांत शिरणारा प्रकाश कमी होतो. मग दिव्यापलीकडची सावली आणखीच काळी दिसते. त्या सावलीत खड्डा आहे की माणूस उभा आहे, हे कळत नाही. लख्ख उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याहून अधिक. म्हणजे दिवा भगभगीत असला की वाट सुरक्षित झालीच, असे नाही. आपल्या वाडवडिलांना हे बरोबर ठाऊक होते. रात्री चालताना कंदील ते डोळ्यांसमोर धरीत नसत. हात खाली सोडून, पावलांपाशी धरीत. उजेड वाटेवर पडे आणि डोळे मोकळे राहत.

आता शेताकडे वळू. अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड नावाचे दोन कृषिशास्त्रज्ञ होते. त्यांना दोन कोडी पडली होती. तंबाखूची एक जात उन्हाळ्यात वाढतच राही, पण फुलावर म्हणून येत नसे. सोयाबीनचे एक वाण वेगवेगळ्या तारखांना पेरले, तरी सगळे जवळपास एकाच सुमारास फुलत असे. त्यांनी ऊन, पाणी, खत, सारे तपासून पाहिले. शेवटी काही रोपे दुपारीच अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवली आणि सकाळी बाहेर काढली. ती फुलली! १९२० साली त्यांनी हा शोध जगापुढे मांडला. झाडे दिवस-रात्रीची लांबी ओळखतात आणि त्यावरून फुलायची वेळ ठरवतात. पुढे १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी दाखवून दिले, की त्यात खरे माप रात्रीचे असते. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला, तरी झाडाला ती रात्र लांब वाटत नाही आणि फूल लांबणीवर पडते.

शेवंतीचा मळा करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. बाजार साधण्यासाठी फुले उशिरा हवी असली, की ते रात्री मळ्यात दिवे लावतात. पण जी गोष्ट शेवंतीला मुद्दाम करायची, तीच सोयाबीनला नकळत झाली तर? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात असे आढळले आहे, की बाकीचे शेत पिकून वाळले तरी रस्त्याच्या दिव्याजवळचे सोयाबीन हिरवेच उभे राहते. आपली तूरही रात्रीची लांबी ओळखणारीच आहे. आता यावरून घाबरून जायचे कारण नाही. हा परिणाम दिव्याजवळच्या पट्ट्यापुरता असतो, सगळे शिवार त्याने बुडत नाही. पण खांबावरचा दिवा रस्त्यासाठी असताना त्याचा झोत कुणाच्या वावरात का पडावा? दिव्याला त्या बाजूने आडोसा केला, की काम झाले.

दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे तर तुम्ही रोजच पाहता. ते दिव्याच्या प्रेमात पडतात, असे आपण काव्यात ऐकले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी हे उडणे टिपले, तेव्हा निराळेच कारण समोर आले. उडणारा किडा आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. लाखो वर्षे रात्रीचा उजेड म्हणजे वरचे आभाळ, त्यामुळे पाठ उजेडाकडे ठेवली की तोल बरोबर राही. आता शेजारीच दिवा आला. किडा त्याच्याकडे पाठ वळवू लागतो, वाकडा होतो आणि त्याच फेऱ्यात अडकतो. तिथेच दमून मरतो, नाहीतर पालीच्या तोंडी जातो.

किडे मेले तर बरेच झाले, असे कुणी म्हणेल. पण त्यांतले कित्येक पतंग रात्री फुलाफुलांवर जाऊन परागीकरण करीत असतात. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांत रात्री दिवे लावून पाहिले, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. उजेडातल्या फुलांवर रात्री येणारे कीटक ६२ टक्क्यांनी घटले आणि एका काटेरी रानझाडाची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली. दिवसा मधमाश्या येत होत्या, तरी ती तूट भरून निघाली नाही.

आपल्याकडचे उदाहरण काजव्यांचे. भंडारदरा, राजमाची या भागांत मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. ते लुकलुकणे म्हणजे त्यांची बोली आहे. नर उडता उडता खूण करतो, मादी उत्तर देते, आणि मग जोडी जमते. त्यात मोटारींचे आणि मोबाईलचे दिवे घुसले, की ती खूण दिसत नाही. दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याने कर्णा लावावा, तसा हा प्रकार. कोकणातही वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची पिल्ले वाळूतून वर येतात, तेव्हा जिकडे क्षितिज उजळ दिसते तिकडे धावतात. एरवी उजळ बाजू समुद्राची असते. किनाऱ्यामागे झगमगाट असला, की बिचारी उलट दिशेला जातात.

आणि आपण माणसे? आपल्याही शरीरात एक घड्याळ आहे. अंधार पडला की मेंदूतली एक लहानशी ग्रंथी मेलॅटोनिन नावाचा रस सोडू लागते, आणि ‘रात्र झाली’ अशी वर्दी सगळ्या शरीराला पोचते. डोळ्यांत प्रकाश शिरला की हा रस कमी होतो. २००२ साली शास्त्रज्ञांना डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी सापडल्या. त्या घड्याळाला प्रकाशाची खबर देतात, आणि निळसर प्रकाशाला त्या सर्वांत अधिक जाग्या होतात. म्हणून निजायच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत पांढरा-निळा दिवा असला, किंवा रस्त्यावरचा तसला दिवा खिडकीतून थेट अंथरुणावर पडत असला, तर झोप लागायला वेळ लागतो. निजताना कंदिलाची वात बारीक करायची पद्धत होती ती तेल वाचवण्यासाठी, पण तिने झोपही राखली.

दिव्याचा रंग ओळखायचा कसा? बल्बच्या खोक्यावर एक आकडा आणि त्यापुढे ‘के’ असे अक्षर छापलेले असते. ६५०० लिहिले असेल तर उजेड पांढरा-निळसर. २७०० किंवा ३००० असेल तर कंदिलासारखा पिवळसर. घरात निजायच्या खोलीत आणि बाहेर रस्त्यावर हा पिवळसर दिवाच बरा. किंमत जवळपास सारखीच असते, फक्त मागून घ्यावा लागतो.

खर्चाचा हिशेबही पाहू. जुना ६० वॅटचा बल्ब जो उजेड देई, त्याच्या जवळपास उजेड आज ९ वॅटचा एलईडी देतो. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्यातून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. घरोघरचे बिल उतरले, ही मोठी गोष्ट झाली. पण स्वस्ताई आली की हात सैल सुटतो. उपग्रहांवरून घेतलेल्या मोजणीत दिसले, की २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरचा रात्री उजळलेला भाग दरवर्षी सुमारे २.२ टक्क्यांनी वाढत गेला. एका दिव्यामागे वाचलेली वीज जादा दिव्यांत जाऊ लागली, तर मग बचत कसली?

हे सगळे सुधारता येते, आणि आपल्याच राज्यात ते करून दाखवले आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या भागात वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक रस्त्यावरचे व सार्वजनिक दिवे बदलण्यात आले. नवे दिवे खाली तोंड असलेले आहेत. वाट उजळते आणि आभाळ काळे राहते. २०२४ च्या जानेवारीत डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने पेंचला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. तिथल्या गावकऱ्यांनी दिवे मालवले नाहीत, त्यांची तोंडे वळवली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तेव्हा मंडळी, तुमच्या ग्रामसभेत नव्या दिव्यांचा किंवा चौकातल्या उंच हायमास्टचा विषय निघाला, की चार प्रश्न जरूर विचारा. हा दिवा कशासाठी, कोणत्या कामासाठी? त्याचे तोंड खाली आहे की उजेड आभाळात आणि घरांत जाणार? त्याचा रंग पिवळसर आहे ना? आणि मध्यरात्रीनंतर तो मंद करायची किंवा घड्याळाने बंद करायची सोय आहे का? एका हायमास्टच्या ऐवजी शाळेची वाट, पाणवठा, दवाखान्याचा रस्ता आणि बायकांच्या जायच्यायायच्या वाटा अशा ठिकाणी लहान, झाकलेले दिवे लावले, तर जिथे खरोखर गरज आहे तिथे उजेड पोचेल. कंत्राट होण्याआधी विचारलेला प्रश्न फुकट असतो. नंतर खांब हलवायचा तर पैसे पडतात.

शिक्षक बंधुभगिनींना दोन सोपे प्रयोग सुचवतो. पहिला असा. संध्याकाळी मुलांना उघड्या दिव्यासमोर उभे करा आणि पलीकडे कोण उभे आहे ते ओळखायला सांगा. मग हाताने दिवा डोळ्यांआड करून पुन्हा पाहायला सांगा. फरक मुले स्वतःच बोलून दाखवतील. दुसरा प्रयोग थंडीतल्या अमावास्येचा. पौष-माघात रात्री नवाच्या सुमारास मृग नक्षत्र चांगले वर असते. त्याच्या चार कोपऱ्यांवरच्या चार ताऱ्यांच्या आत किती तारे दिसतात, ते मुलांनी एकदा चौकातल्या दिव्याखालून मोजावे आणि एकदा पालकांसोबत शिवारात जाऊन मोजावे. दोन्ही आकडे तारखेसह शाळेच्या वहीत लिहून ठेवावेत आणि दरवर्षी पुन्हा मोजावे. २०१६ साली तयार झालेल्या जगाच्या नकाशावरून असे दिसले, की माणसांपैकी एक-तृतीयांश लोकांना घरून आकाशगंगा दिसतच नाही. तुमच्या गावाला ती दिसत असेल, तर त्या वहीतला आकडा खाली येऊ लागताच पंचायतीला ती वही नेऊन दाखवा.