सोनं धुण्याची परात

सरका रे पोरांनो, शेकोटीजवळ या. निफाड तालुक्यातली डिसेंबरची थंडी आहे ही, घोंगडीशिवाय भागायचं नाही. आणि तू गं मेलबर्नकर, तिकडे कोपऱ्यात का बसलीस? सकाळी दोन तास ओढ्यात उभी राहिलीस आणि सोन्याचा कण लागला नाही, म्हणून तोंड उतरलंय ना? ती हिरवी परात आण इकडे. तळाशी उरलेली काळी वाळू फेकली नाहीस ना? शाबास. आजची गोष्ट तिचीच आहे.

बाकीच्यांना आधी सांगतो. हिच्या गावापासून दीडेक तासावर बॅलरॅट म्हणून शहर आहे. 1851 साली त्या मुलखात सोनं निघालं आणि जगभरातून माणसं लोटली. तो काळ सरला, पण हौस काही सरली नाही. आजही लोक ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना काढतात आणि सुट्टीच्या दिवशी परात, फावडं, धातू हुडकायचं यंत्र घेऊन रानात जातात. का जाणार नाहीत? 1869 साली मोलियागुल इथं जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना झाडाच्या मुळाशी, मातीच्या अगदी वरच्या थरात, सुमारे 70 किलोंचा सोन्याचा गोळा लागला. गावातल्या काट्यावर तो मावेना. ऐरणीवर ठेवून फोडला, तेव्हा कुठे तोलता आला. अशी गोष्ट ऐकलेलं लेकरू प्रत्येक ओढ्याकडे आशेनं बघणारच.

तू परात फिरवत होतीस तेव्हा आजी काय म्हणाली, आठवतं? “ही तर पाखडतेय!” बरोबर बोलली ती. आजी सुपात धान्य पाखडते तेव्हा फोल पुढे उडतं आणि दाणा मागे राहतो. खळ्यावर आम्ही उफणायचो ते वाऱ्याच्या जिवावर, तू उफणतेस ते पाण्याच्या. हलकं ते वाहून जातं, जड ते बसतं. आणि सोनं किती जड म्हणशील? ज्या वाटीत 100 ग्रॅम पाणी मावतं, तिच्यात सोनं मावेल 1930 ग्रॅम. साधी वाळू मावेल फार तर तीनशे. म्हणून नदी वळणावर जरा मंदावली की सगळ्यात आधी सोनं खाली टाकते.

आपल्याकडेही सोनं धुणारी माणसं होती बरं का. त्यांना झारेकरी म्हणतात. सराफाच्या पेठेतली धूळ, दुकानातला केर, गटारातला गाळ गोळा करायचा आणि घमेल्यात धुवत बसायचं. कानशीच्या कामातून उडालेले, डोळ्याला न दिसणारे कण त्यात असतात. कष्टाचं काम, आणि धोक्याचंही. ते बारीक कण पाऱ्यात धरतात, मग पारा तापवून उडवतात. ती वाफ विषारी असते. ज्यांच्या नशिबी हे काम आलं, त्यांच्या चिकाटीपुढे मी हात जोडतो. पण लक्षात घ्या, झारेकऱ्याचं सोनं सराफाच्या दुकानातलं असतं, आपल्या मातीतलं नव्हे.

मग आपल्या मातीत काय आहे? बघ आता. हे चुंबक जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं. कागदात गुंडाळलंय, नाहीतर कण सुटता सुटत नाहीत. हे वाळूवरून हळूच फिरव. अगं, अजून खाली... उठली की नाही? कशी काट्यासारखी उभी राहिली! केसाळ सुरवंटच जणू. हे मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. पाण्याच्या पाचपट जड. बॅलरॅटच्या परातीतही सोन्याबरोबर शेवटी काळी वाळूच उरते. म्हणजे तुझ्या हाताला कला आली, पोरी. जे जड होतं ते तू बरोबर राखलंस.

सोनं नव्हतं यात तुझा दोष नाही. उद्या सकाळी गच्चीवरून उत्तरेला चांदवडच्या डोंगरांकडे बघा. पायऱ्या पायऱ्या दिसतील. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडल्या आणि तापलेला लाव्हा पसरला. तो निवतो न निवतो तोच त्यावर दुसरा लोंढा, मग तिसरा. या पायऱ्या म्हणजे त्या लोंढ्यांच्या कडा. आपली काळी माती याच खडकाची, आणि तुझी काळी वाळूही. कोयनेला शास्त्रज्ञांनी भोक पाडलं तेव्हा सव्वा किलोमीटरभर नुसता हाच काळा खडक लागला आणि त्याच्याखाली जुना ग्रॅनाइट. सोन्याच्या शिरा तसल्या फार पुरातन खडकांत असतात. खोल जमिनीत कढत पाणी सोनं विरघळवून घेतं आणि भेगांमधून वर येताना गारेबरोबर सोडून देतं. कर्नाटकातल्या कोलारला तसंच झालं.

कढत पाणी आपल्याही खडकातून फिरलं, पण त्यात सोनं नव्हतं. त्यानं लाव्ह्यातल्या पोकळ्यांत स्फटिक फुलवले. पांढरे, गुलाबी, हिरवट. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात नेईन तुम्हाला. सोन्यासमोर ठेवले तरी मी ते स्फटिकच उचलीन.

काय म्हणालास? लाव्हा एवढा तापलेला, त्यात सोनं शिजत का नाही? फार चांगलं विचारलंस. नुसत्या आगीनं धातू बदलत नाही, बाळा. लोखंड कितीही तापव, लोखंडच राहतं. त्यासाठी अणूच्या गाभ्याला हात घालावा लागतो. आणि ते कुठे चाललंय माहीत आहे? इथं, आपल्या लासलगावात!

हसू नका. भाभा अणुसंशोधन केंद्रानं 2002 साली इथं ‘कृषक’ केंद्र उभारलं. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून किरण देतात ते. 2007 साली आपला हापूस अमेरिकेला निघाला, तोही इथले किरण घेऊन. ते किरण कोबाल्टचे. साध्या कोबाल्टच्या गाभ्यात 27 प्रोटॉन आणि 32 न्यूट्रॉन. अणुभट्टीत त्याला एक न्यूट्रॉन जास्तीचा भरवतात. तो त्याला पचत नाही. मग एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, किरण बाहेर पडतात, प्रोटॉन होतात 28, आणि 28 प्रोटॉनवाला धातू म्हणजे निकेल. घडीघडीला कोबाल्टचं निकेल होतंय!

सोन्याच्या गाभ्यात प्रोटॉन 79. तिथवर जायला एक न्यूट्रॉन भरवून काय होणार? न्यूट्रॉनांचा पाऊस हवा, तोही क्षणात. असा पाऊस न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की पडतो. लासलगावापासून चांदवडपर्यंत जेवढं अंतर, तेवढाच त्या ताऱ्याचा व्यास, पण वजन सूर्याहून जास्त! 17 ऑगस्ट 2017 रोजी अशा दोन ताऱ्यांच्या टकरीची थरथर अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या यंत्रांनी टिपली. टक्कर झाली होती 13 कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपला लाव्हा वाहायच्या कितीतरी आधी. तिच्या उजेडात जड धातू तयार झाल्याच्या खुणा दिसल्या. तसलंच यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचंय. तुमच्यापैकी कुणीतरी तिथं कामाला लागावं, एवढी माझी इच्छा आहे.

नाही गं, कांद्यात निकेल जात नाही. कोबाल्ट पोलादी नळ्यांत बंद असतो, कांद्यातून फक्त किरण आरपार जातात. त्यानं कांदा काही किरण सोडायला लागत नाही. आणि सगळा कोबाल्ट कधी संपेल? सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, पुढच्या सव्वापाच वर्षांत उरलेल्याचा निम्मा. तू आज नऊची. तू सव्वाचौदाची होशील तेव्हा आजच्या कोबाल्टपैकी निम्म्याचं निकेल झालेलं असेल.

सोनं? नाही, ते बदलत नाही. एकदा घडलं की घडलं. आजीच्या हातातली पाटली बघ, त्यातलं सोनं पृथ्वीहून जुनं आहे. लाव बरं तिला चुंबक. आजी, हात पुढे कर गं जरा. चिकटलं? नाही ना. आता पुन्हा वाळूला लाव.