माडाचा शत्रू, खजुराचाही

तू बिश्वातच्या मलिद्याच्या ताटात ओले खोबरे आणि खजूर शेजारी शेजारी असतात. या दोन्ही झाडांचा एक शत्रूही सामाईक आहे: सोंड्या भुंगा. अलिबाग-रेवदंड्याच्या वाड्यांत लहानपण गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना तो नवा नाही. येथे हिब्रूत त्याला हिद्कोनित हादेकेल म्हणतात.

माडावर दोन भुंगे येतात आणि त्यांची गल्लत होते. गेंड्या भुंगा काळा, डोक्यावर शिंग असलेला. तो शेंड्यातली कोवळी सुई कुरतडतो, म्हणून पुढे झावळी उघडली की ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. याची पैदास शेणखताच्या खड्ड्यात होते. त्याने मोठा माड सहसा मरत नाही. पण त्याने केलेल्या जखमेतच सोंड्या अंडी घालतो, आणि खरा घात तेथे होतो.

सोंड्या तांबूस, तीन-चार सेंटिमीटरचा, पुढे वाकडी सोंड. त्याची अळी पिवळसर पांढरी, बिनपायांची. ती खोडाच्या आत राहून गाभा खाते, आणि बाहेरून झाड हिरवेगार दिसते! पाहायचे ते हे: खोडाला बारीक भोके, त्यातून पाझरणारा तपकिरी चिकट रस, चावलेल्या तंतूंचा चोथा आणि आंबूस वास. खोडाला कान लावला तर कधी कधी आतली कुरकुर ऐकू येते. शेंडा कलल्यावर बहुधा काही उरत नाही.

आशियातला हा किडा अरबस्तानात 1980 नंतर पोहोचला. 1985 मध्ये अमिरातीत आणि 1987 मध्ये सौदी अरबस्तानातील कतीफला तो सापडला, 1999 मध्ये यार्देनच्या खोऱ्यात. एवढे अंतर तो उडत आला नाही. कीड लागलेली रोपे व पिले माणसांनीच गाडीत घालून नेली. सौदीच्या दक्षिणेस, खमीस मुशैतच्या उत्तरेकडचा बिशाचा मुलूख खजुरासाठी नामांकित आहे. अशा ठिकाणी एक रोगट पिलू नेले तरी पुरे.

खजुराला कीड बहुतेक बुंध्याशी, पिलांच्या बेचक्यात लागते. तेथे वाकून पाहावे. बागेतल्या शोभेच्या जाड कॅनरी खजुराचे मात्र उलट. त्याला ती शेंड्यात लागते, म्हणून खाली रस दिसत नाही. मधली नवी पाने वाळली किंवा सारा झुबका उघड्या छत्रीसारखा खाली पसरला, तर त्या झाडाखालच्या बाकावर बसू नये. पोखरलेला शेंडा वारा नसतानाही कोसळतो.

औषध स्वतः मारू नये, हिरवी पाने तोडू नयेत. ताज्या जखमेच्या वासाने भुंगे येतात. नगरपालिकेच्या 106 क्रमांकावर रस्त्याचे नाव व झाडाची जागा सांगावी. हिब्रू जड जात असेल तर नातवंडांकडून फोन करवावा.