हाकेला ओ देणारे मनोरे

तुमच्या हातातला 4जी फोन सगळा जोर लावून सिग्नल सोडतो, तेव्हा त्याची शक्ती असते जेमतेम 0.2 वॉट. तीही चहूकडे पांगते. काही किलोमीटरवरच्या टॉवरपाशी पोचेपर्यंत जे उरते ते किती? एका वॉटचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही कमी! एवढीशी कुजबुज टॉवरचा अँटेना टिपतो, टॉवरची यंत्रणा ती भोवतीच्या गोंगाटातून निवडून काढते आणि तिच्यातला संदेश पुन्हा उभा करते. टॉवर दूरवर बोलतो याहून तो इतके बारीक ऐकतो, याचेच मला अधिक नवल वाटते.

पण मध्ये डोंगर आला की हे तीक्ष्ण कानही हरतात. 700-800 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पल्ला गाठतात, अडथळ्यांना थोडा वळसाही घालतात. तरी स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या खोल दऱ्यांत रेंज हवी असेल, तर टॉवर तिथेच उभारावा लागतो. दरीत घरे मोजकीच, त्यामुळे खर्च निघत नाही आणि कंपन्या तिकडे फिरकत नाहीत. अपघात मात्र वस्ती मोजून होत नाही.

ब्रिटनमधले पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका ‘एअरवेव्ह’ या स्वतंत्र रेडिओ नेटवर्कवर बोलतात. बोलण्यासाठी ते भरवशाचे, पण व्हिडिओ पाठवण्याइतकी त्याची क्षमता नाही. म्हणून या सेवांना ‘ईई’ कंपनीच्या 4जी नेटवर्कवर नेण्याचे मोठे काम सुरू आहे. पण सर्वांच्या नेटवर्कवर गर्दीचा धोका असतो: 7 जुलै 2005 ला लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा मोबाइल नेटवर्क फोनच्या गर्दीने तुंबली होती. नव्या व्यवस्थेत बचावपथकाच्या संदेशाला आधी वाट मिळते. जागाच नसेल, तर इतरांचे संभाषण बाजूला सारून ती करून दिली जाते. वाटेल तेथे झेंडा गाडावा तसा टॉवर रोवून हे साधत नाही. यामागे नेटवर्कची सगळी आखणी लागते.

आता जिवावरच्या कामासाठी या नेटवर्कवर विसंबायचे, तर ते निर्जन रस्त्यांवरही हवेच. म्हणून ब्रिटिश गृहखाते दुर्गम भागांत सुमारे 300 मनोरे उभारते आहे. कुठे रस्ता नाही, कुठे वीज नाही, कुठे केबल नाही. साहित्य हेलिकॉप्टरने उतरवायचे, वीज जागेवर तयार करायची, डोंगरमाथ्यांवरून मायक्रोवेव्हने किंवा थेट उपग्रहाने संपर्क जोडायचा.

या मनोऱ्यांचा उपयोग पथकांपुरताच राहत नाही. 2020 मध्ये सरकार आणि चार मोबाइल कंपन्यांनी मिळून सुमारे 100 कोटी पौंडांची ‘शेअर्ड रूरल नेटवर्क’ योजना ठरवली. 2025 अखेर देशाच्या 95 टक्के भूभागावर निदान एका कंपनीचे 4जी पोचावे, हे तिचे उद्दिष्ट होते. सरकारी मनोऱ्यांवरून सर्व कंपन्यांची सेवा देण्याचाही तिच्यात समावेश आहे. म्हणजे रुग्णवाहिकेसाठी उभारलेल्या मनोऱ्यावरून मेंढपाळ हवामान पाहील, दुकानदार पैसे स्वीकारील.

999 या ब्रिटनमधल्या आपत्कालीन क्रमांकावरचा फोन तर 2009 पासून कंपनी पाहतच नाही: स्वतःच्या कंपनीची रेंज नसेल, तर मिळेल त्या नेटवर्कवरून तो जातो. रेंज हा गिऱ्हाइकांच्या संख्येवर ठरणारा माल नव्हे. रस्त्यासारखी, पाण्यासारखी ती सर्वांची गरज आहे. वर्षातून एखादीच हाक येणाऱ्या दरीसाठीही मनोरा उभारणारा समाज हे ओळखतो, आणि त्या एका हाकेपायी साऱ्या दरीचे रोजचे जगणे सोपे होते.