बॅरेंट्स समुद्रातील बालेकिल्ला : एका न झालेल्या युद्धाचा विचार

झालेल्या युद्धाच्या अभ्यासकास कागदपत्रांचा आधार असतो. न झालेल्या युद्धाच्या अभ्यासकापाशी मात्र गृहीतांखेरीज दुसरे साधन नसते. तथापि याच गृहीतांवर आरमारे उभी राहतात, म्हणून त्यांची परीक्षा करणे अगत्याचे ठरते. नाटो राष्ट्रे व सोव्हिएत संघ यांच्यातील संभाव्य सागरी युद्धाविषयीच्या अशाच एका गृहीताचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हे गृहीत दुसऱ्या महायुद्धाच्या अनुभवातून आले होते. त्या युद्धात जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिकवरील व्यापारी जहाजे बुडवून ब्रिटनची रसद तोडू पाहिली. पुढे मध्य युरोपात युद्ध पेटल्यास अमेरिकेची कुमक याच मार्गाने येणार होती. तेव्हा कोला द्वीपकल्पातील सोव्हिएत पाणबुड्याही ती अडविण्यासाठी दक्षिणेस उतरतील, असे मानले गेले. त्यांची वाट ग्रीनलंड, आइसलंड व ब्रिटन यांच्यामधील समुद्रातून जात असे. म्हणून त्या भागात समुद्रतळावर ध्वनिग्राहक बसविण्यात आले आणि आइसलंडमधील केफ्लाविक येथून पाणबुडीशोधक विमानांची गस्त सुरू झाली.

परंतु शस्त्र पालटले की भूगोलाचा अर्थही पालटतो. १९६७ पासून सेवेत आलेल्या ‘यांकी’ वर्गाच्या सोव्हिएत पाणबुड्यांवरील क्षेपणास्त्रांचा पल्ला सुमारे २,४०० किलोमीटर होता. त्यामुळे त्यांना अमेरिकेच्या किनाऱ्याच्या बरेच जवळ जावे लागे. १९७०च्या दशकातील ‘डेल्टा’ वर्गाच्या क्षेपणास्त्रांचा पल्ला सुमारे ७,८०० किलोमीटर झाला. आता बॅरेंट्स समुद्रातूनच अमेरिकेवर मारा करणे शक्य होते. साहजिकच अटलांटिकमध्ये शिरण्यापेक्षा घरच्या समुद्रात या पाणबुड्यांचे रक्षण करणे, हे सोव्हिएत आरमाराचे प्रमुख कार्य ठरले. सोव्हिएत नौदलविषयक लेखनाचे बारकाईने वाचन करणाऱ्या काही अमेरिकन विश्लेषकांनी हा निष्कर्ष त्याच दशकात मांडला होता. पण तो सर्वमान्य होण्यास बराच काळ लागला.

या बालेकिल्ल्याची तटबंदी जितकी पाण्यात, तितकीच आकाशात होती. किनाऱ्यावरील तळांवरून उडणारी ‘बॅकफायर’ बाँबफेकी विमाने शेकडो किलोमीटरांवरून जहाजांवर क्षेपणास्त्रे सोडू शकत. एकदा सुटलेली क्षेपणास्त्रे एकेक करून पाडण्यापेक्षा ती सुटण्यापूर्वीच विमान पाडणे श्रेयस्कर. त्यासाठी विमानवाहू नौकेवरील लढाऊ विमानांना नौकेपासून फार दूर जाऊन पहारा करावा लागे. परिणामी, आक्रमणासाठी आणलेल्या वायुबळाचा मोठा भाग स्वसंरक्षणातच खर्ची पडण्याचा संभव होता.

१९८६ मध्ये ॲडमिरल जेम्स वॉटकिन्स यांनी अमेरिकेची सागरी नीती प्रकटपणे मांडली. युद्ध सुरू होताच आघाडीवर जाऊन सोव्हिएत आरमारास त्याच्या समुद्रात गुंतवावे व त्याच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्याही बुडवाव्या, म्हणजे शत्रूस तहास भाग पाडता येईल, असा तिचा आशय होता. शत्रू दाराशीच गुंतला की अटलांटिकचा मार्ग आपोआप सुरक्षित होतो, हा तिचा लाभ निःसंशय होय.

आक्षेपही तितकाच गंभीर होता. बॅरी पोझेन यांनी १९८२ मध्येच दाखवून दिले होते की, पारंपरिक शस्त्रांनी चाललेल्या लढाईतही प्रतिपक्षाचे अण्वस्त्रबळ घटू लागले, तर त्यास तो आपल्या अण्वस्त्रांचा नाश करण्याचा पूर्वनियोजित उद्योग समजेल. अशा स्थितीत उरलेली अस्त्रे गमावण्यापूर्वी वापरावी, असा मोह त्यास होणे अशक्य नाही. ज्या कृतीने युद्ध आटोपावयाचे, तीच त्यास अणुयुद्धाकडे नेऊ शकते.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि या वादाचा निर्णय रणांगणात लागला नाही, ही मानवजातीच्या दृष्टीने इष्टापत्तीच होय. अभ्यासकाने त्यातून दोन गोष्टी घ्याव्या. मागील युद्धाचे चित्र पुढील युद्धावर लादण्यापूर्वी शस्त्रांचा पल्ला मोजावा. आणि कोणत्याही युद्धयोजनेची परीक्षा करताना ती शत्रूस कशी दिसेल, हेही पाहावे. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक दुर्लक्षित, म्हणूनच अधिक महत्त्वाची आहे.